मराठी कादंबरीत हवामानबदल कुठे आहे? (कट्ट्यासाठी एक पुस्तक सुचवा)

ओलीसुकी

आमच्या वाचनकट्ट्याने या पावसाळ्यासाठी विषय ठरवलाय: पर्यावरण आणि हवामानबदल. अट एकच, कथा-कादंबरीच हवी. माहितीपर पुस्तक घेतलं की सगळे एकमेकांना माहिती सांगत बसतात आणि पुस्तक बाजूला राहतं, हा मागचा अनुभव.

इंग्रजी यादी चटकन झाली. मराठीवर गाडी अडली. सगळ्यात आधी अर्थातच मारुती चितमपल्लींचं नाव आलं. पण त्यांचं बरंचसं लेखन अनुभवाचं, ललित अंगाचं. कथानक, पात्रं, पेच असं हवंय.

इंग्रजीत लिहिणारे कादंबरीकार अमिताव घोष यांनी २०१६ च्या 'द ग्रेट डीरेंजमेंट' या पुस्तकात तक्रार केली होती की गंभीर म्हणवणारी कादंबरी या विषयाला शिवत नाही, आणि कुणी शिवलाच तर त्याला विज्ञानकथेच्या खोलीत नेऊन बसवतात. मला वाटतं मराठीला ही तक्रार जास्तच लागू आहे. आपल्याकडे दुष्काळ आहे, धरण आहे, जंगल आहे. हवामानबदल नाही. पटत नसेल तर भांडा, पण भांडताना पुस्तकाचं नाव द्या.

माकडहाड

पहिला! आता वाचतो.

कोरडवाहू

"दुष्काळ आहे, हवामानबदल नाही" हे वाक्य एसीत बसून लिहिलंय का ताई? (हलकं घ्या.)

सदानंद देशमुखांची 'बारोमास' घ्या. २००२ ची, २००४ चा साहित्य अकादमी. शिकलेला, नोकरी नसलेला पोरगा, कोरडवाहू शेती, घरातली रोजची भांडणं. पाऊस वेळेवर न येणं म्हणजे काय, ते त्यातल्या घरात दिसतं. त्याआधी व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' आहेच, १९५५ ची. शेवटी दुष्काळात वाडी उठते, मेंढरं जातात, माणसं जातात. आणखी काय पाहिजे? तुमच्या फ्लॅटच्या पार्किंगमध्ये पाणी शिरलं की मग तो हवामानबदल, आमच्या रानात शिरलं की ती ग्रामीण कादंबरी.

दीडशहाणी

शेवटच्या वाक्याला +१०००. बाकी वाद चालू द्या, मी शेंगदाणे घेऊन बसले आहे.

प्लुटो

नारळीकरांना विसरलात की काय? मुंबईत बर्फ पडतो ती कथा! पृथ्वी हिमयुगाकडे सरकतेय असं एक भारतीय शास्त्रज्ञ सांगत असतो आणि कुणी ऐकत नाही, मग एके सकाळी मुंबई पांढरीशुभ्र. शाळेत असताना वाचली होती. त्यात जग तापत नाही, गारठतं. पण मूळ पेच आजचाच आहे: धोका आकड्यांत दिसतोय, डोळ्यांना दिसत नाही, तोवर सरकार हलत नाही. आणि वातावरणात काहीतरी सोडून हवामान दुरुस्त करण्याची कल्पनाही त्यात आहे. आज त्याला जिओइंजिनिअरिंग म्हणतात आणि त्यावर गंभीर भांडणं होतात.

ओलीसुकी

@प्लुटो, मस्त आठवण. ती घेतेच. पण बघा, पुन्हा विज्ञानकथाच. घोष म्हणतात ते खरंच झालं ना?

@कोरडवाहू, एसी नाही हो, पंखा आहे. 'बनगरवाडी' माझी अत्यंत आवडती, म्हणून जरा भांडते. त्यातला दुष्काळ येणारा-जाणारा आहे. लोक जगायला बाहेर पडतात, पण आभाळाचा स्वभाव बदललाय असं कुणाच्या मनात नाही. पाऊस रुसलाय, मेलेला नाही. आजच्या कादंबरीत मला नेमकी ती खात्री गेलेली हवी आहे. मृग लागला की पेरायचं, हे शहाणपणच निकामी झालं तर त्या शहाणपणावर उभ्या असलेल्या माणसाचं काय होतं? ही गोष्ट कुठे आहे?

कोरडवाहू

हं. हा मुद्दा आवडला. याच्यावर नीट लिहितो, आता मोटार सुरू करायला जातोय. लाइट आलीय.

निंदक_शेजारी

हवामान कायमच बदलत आलंय. दुर्गादेवीचा दुष्काळ वाचा, १३९६ पासून १४०७ पर्यंत, तेव्हा कुठल्या गाड्या होत्या? ७२ चा दुष्काळ? उगाच फॅशन म्हणून प्रत्येक गोष्टीला क्लायमेट चिकटवायचं. साहित्यात तरी हा धंदा नको.

प्लुटो

@निंदक_शेजारी, दुष्काळ पूर्वीही पडायचे, कबूल. कुणीच नाही म्हणत नाहीये. प्रश्न वेगाचा आणि कारणाचा आहे. कारखानदारी येण्याआधी हवेत कार्बन डायऑक्साइड दशलक्षात सुमारे २८० भाग होता, आता ४२० च्या वर आहे. सरासरी तापमान एक अंशाहून जास्त चढलंय. दुर्गादेवीचं नाव काढून हे आकडे खाली येत नाहीत. आणि फॅशन म्हणाल तर मराठीत ती आलीच नाही, हीच तर धाग्याची तक्रार आहे!

निंदक_शेजारी

आकडे काय, कुणीही देतं.

संपादक

विज्ञानाचा वाद घालायला वेगळा धागा आहे, तिथे जा. इथे पुस्तकं.

माकडहाड

वाचलं सगळं. माझ्या आयडीला जागून 'सत्तांतर' सुचवतो. माडगूळकर, १९८२. वानरांच्या टोळ्या, एका नराची सत्ता जाते, दुसऱ्याची येते, पिल्लं मारली जातात. माणूस जवळपास नाहीच. गंमत अशी की बऱ्याच जणांनी ती राजकीय रूपक म्हणून वाचली. आणीबाणी नुकतीच होऊन गेलेली, नाव 'सत्तांतर', मग काय! वास्तविक नवा नर आला की पिल्लं मारतो, हे वानरांमध्ये प्रत्यक्ष नोंदलं गेलेलं आहे. धारवाडजवळ सुगियामा या जपानी अभ्यासकाने साठच्या दशकात, नंतर माउंट अबूला सारा हर्डी यांनी. माडगूळकर प्राण्यांवर लिहीत होते आणि आपण त्यात दिल्ली शोधत होतो.

माझं म्हणणं, निसर्गावरच्या कथेत निसर्ग हा निसर्गच असू द्यायची सवय आपल्याला नाही. वाघ म्हणजे सत्ता, नदी म्हणजे स्त्री, झाड म्हणजे बाप.

दीडशहाणी

माकडहाडांनी आयुष्यात पहिल्यांदा गंभीर प्रतिसाद दिला, याची नोंद घ्यावी.

पण मला पूर्ण पटलं नाही. रूपक म्हणूनही वाचता येतं ही 'सत्तांतर'ची ताकदच आहे की. नुसतं वानरांचं वर्तन हवं असेल तर अभ्यासकांचे निबंध आहेत.

गिरगावकर

मी मुंबईबद्दल बोलतो. २६ जुलै २००५, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी. मिठी नदी नावाची नदी आपल्या शहरात आहे हे निम्म्या मुंबईला त्या दिवशी कळलं. ज्याला विचाराल त्याच्याकडे त्या रात्रीची एक गोष्ट आहे. गाडीत अडकलेला, रुळावरून चालत गेलेला, अनोळखी घरात झोपलेला. आणि तरी त्या रात्रीवरची, सगळ्यांनी वाचलेली अशी एकसुद्धा मराठी कादंबरी माझ्या डोळ्यांसमोर येत नाही. गिरण्यांचा संप आला, दंगल आली, चाळी पाडून टॉवर झाले ते आलं. पाणी नाही आलं.

घोष याचं कारण देतात ते मला पटतं. १७ मार्च १९७८ ला दिल्लीत चक्रीवादळासारखा भोवरा आला, त्यात ते स्वतः सापडले होते. पुढे कित्येक वर्षं त्यांना तो प्रसंग कादंबरीत घालावासा वाटायचा पण जमेना, कारण वाचक म्हणेल, काय हो हा योगायोग! खरी घडलेली गोष्ट कादंबरीत खोटी वाटते. वास्तववादी कादंबरीला रोजचं, संभाव्य तेच लागतं. ९४४ मिमी तिच्यात मावत नाही.

वांद्रे_पूर्व

मी त्या दिवशी कलानगरला होतो! सायंकाळी साडेचारला निघालो, कमरेएवढं पाणी, एका बेकरीवाल्याने

वांद्रे_पूर्व

अर्धवट गेलं. एका बेकरीवाल्याने वर माळ्यावर घेतलं आणि रात्रभर पाव खाऊ घातले. पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी खाली उतरलो तर मेलेल्या म्हशी.

अनामिका_सातवी

आमच्याकडे साकीनाक्याला...

संपादक

२६ जुलैच्या आठवणींचा स्वतंत्र धागा काढा प्लीज, छान होईल. इथे नको.

दीडशहाणी

बघा, गिरगावकर म्हणाले ते चार प्रतिसादांत सिद्ध झालं. आठवणी भरभरून, कादंबरी नाही.

उंट_दुबईवाला

मी सुचवतो ते मराठी नाही, पण भारतातलं आहे. किम स्टॅन्ली रॉबिन्सन, 'द मिनिस्ट्री फॉर द फ्युचर', २०२०. पहिलं प्रकरण उत्तर प्रदेशातल्या एका गावात. उष्णतेची लाट, वीज गेलेली, लोक तळ्यात उतरतात तर पाणीही कोमट. त्या लाटेत दोन कोटी माणसं मरतात. मी ते प्रकरण इथे जुलैत वाचलं, बाहेर पडायची भीती वाटायला लागली.

त्यातलं विज्ञान सोपं आहे. माठातलं पाणी गार का होतं? बाहेरून पाझरून वाळतं म्हणून. आपलं शरीरही घाम वाळवून गार राहतं. हवेत दमटपणा इतका झाला की घाम वाळतच नाही, तर सावलीत, पंख्याखाली, धडधाकट माणूसही मरू शकतो. ओल्या फडक्याच्या थर्मामीटरवर ३५ अंश ही ती मर्यादा सांगतात.

पण मला एक खटकलं. उत्तर प्रदेशातली माणसं मरतात, आणि तिथला वाचलेला, ज्याच्या डोक्यातून आपण पुढे जातो, तो अमेरिकन. बाकीचे आकडा होऊन राहतात. हे प्रकरण हिंदी किंवा मराठी लेखकाने लिहिलं असतं तर तळ्यात कोण आधी उतरलं, कोणाला उतरू दिलं नाही, हे नक्की आलं असतं.

ओलीसुकी

उंटभाऊ, शेवटच्या वाक्यासाठी उभं राहून टाळ्या. तळ्यात कोणाला उतरू दिलं नाही... यावर आख्खी कादंबरी होईल.

तिरफळ

कोकणातून हजेरी. आमच्याकडे पावसाने नाही, वादळाने लिहायला पाहिजे होतं. ३ जून २०२० चं 'निसर्ग' चक्रीवादळ. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड. नारळ-सुपारीच्या वाड्या एका दुपारीत आडव्या. बातम्यांत छपरं उडालेली दाखवली, ती पत्रे आणून लोकांनी पुन्हा घातली. सुपारी कशी घालणार? नवं रोप लावलं तर पीक हातात यायला सहा-सात वर्षं. म्हणजे वाडीवर जगणाऱ्या घराचं वादळ एका दिवसाचं नसतंच, ते सहा-सात वर्षं चालतं. त्यात मुलगा मुंबईला जातो, वाडी विकायची का यावर भावाभावांत वितुष्ट येतं. आंब्याचं वेगळंच. थंडी पुरेशी नाही म्हणून मोहोर उशिरा, आला की अवकाळी, मग तुडतुडा आणि थ्रिप्स या किडी, फवारण्यांचा खर्च.

गोनीदांची 'पडघवली' हीसुद्धा १९५५ ची. अंबावहिनी स्वतःच्या तोंडून सांगते, गाव कसं मोडत गेलं ते. त्यात गाव माणसांच्या हातून मोडतं. आजची पडघवली लिहिली तर त्यात समुद्र हे पात्र घ्यावं लागेल. आमचे लेखक समुद्राकडे अजून सूर्यास्तासाठीच बघतात.

माकडहाड

सूर्यास्त आणि सोलकढी. दोन्हींचे फोटो टाका.

निवडुंग

जरा कडू बोलते. मी कथा लिहिते. गारपिटीवर एक दीर्घकथा लिहून एका दिवाळी अंकाला पाठवली होती. उत्तर आलं, "विषय चांगला, पण थोडा आशादायक शेवट करता येईल का? शेवटी मुलं झाडं लावतात वगैरे." मराठीत पर्यावरण म्हटलं की शाळेतला निबंध आठवतो, 'वृक्ष नसते तर'. मोठ्या माणसांच्या गोष्टीतही संपादकाला रोप लावून हवं असतं. चांगल्या लेखकांनी हा विषय टाळला असेल तर मला आश्चर्य वाटत नाही. प्रचारकी शिक्का बसतो.

दीडशहाणी

मग तुम्ही झाडं लावलीत का?

निवडुंग

नाही. कथा परत घेतली.

सातबारा

धरणाच्या कादंबऱ्या कुणी नीट घेतल्याच नाहीत. 'झाडाझडती', विश्वास पाटील, १९९२ चा अकादमी. धरणग्रस्तांचं पुनर्वसन कागदावर कसं होतं आणि माणसांवर कसं होतं, दोन्ही आहे. आणि अलीकडची कृष्णात खोतांची 'रिंगाण', २०२३ चा अकादमी. धरणात गाव गेलं, लोक उठून दुसरीकडे वसले, एक म्हैस मागेच जंगलात राहिली. ती आणायला माणूस परत जातो. इतक्या दिवसांत म्हैस रानटी झालेली. कथानक म्हणून एवढंच, पण त्यात सगळं आहे: पाळीव म्हणजे काय, गाव म्हणजे काय, कोण कोणाला सोडून गेलं. माकडहाड म्हणाले ना, प्राण्याला प्राणी राहू द्यावं, ते इथे जमलंय. भाषा कोल्हापूरकडची, पहिली काही पानं जड जातील, सोडू नका. खोतांचीच 'झड-झिंबड' पावसावर आहे, न थांबणाऱ्या.

ओलीसुकी

'रिंगाण' घरात आहे आणि अजून उघडलेलं नाही. लाजच वाटली पाहिजे. पण धरण म्हणजे हवामानबदल म्हणायचं का?

सातबारा

नाही म्हणायचं. पण आधी ठरवा, तुम्हाला कार्बनवरची कादंबरी हवी आहे की माणसाचं आणि जमिनीचं नातं तुटल्याची? पहिली शोधाल तर वर्षानुवर्षं सापडायची नाही. कार्बन कुणाला दिसतो? कादंबरीत दिसेल ती म्हैसच.

प्लुटो

असहमत. हीच पळवाट आहे. सगळ्याच गोष्टींना पर्यावरण म्हणायला लागलो तर 'गावातलं दुःख' एवढाच प्रकार उरतो आणि आपण म्हणतो, आमच्याकडे आधीपासून आहेच! मुंबईत २०२५ साली मोसमी पाऊस २६ मेला दाखल झाला, नेहमीची तारीख ११ जून. 'रिंगाण' कितीही थोर असली तरी ती याबद्दल काही सांगत नाही.

मांडवीकाठ

गोव्यातून. शेजारच्या भाषेतली एक घ्या. पुंडलीक नायक यांची 'अच्छेव', १९७७, कोंकणी. खाणी आल्यावर एका शेतकरी गावाचं काय होतं ते. शेतात मातीचे ढीग येतात, शेत सोडून लोक खाणीवर जातात, हातात रोख पैसा येतो, दारू येते, घरं फाटतात. इंग्रजी अनुवादही आहे, पण कोंकणी देवनागरीतच असल्यामुळे मराठी वाचकाला थोड्या कष्टाने जमते, मोठ्याने वाचा म्हणजे झालं. २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या तेव्हा आमच्याकडे त्यावर वाद घालणाऱ्यांपैकी किती जणांनी ही वाचली होती, देव जाणे. मला त्यात एक गोष्ट फार प्रामाणिक वाटते: खाण गावकऱ्यांवर नुसती लादलेली नाही, त्यांना ती हवीही होते. ट्रकवर बसलेल्या पोराला बैलामागे परत कोण आणणार?

जाता जाता, केरळात अंबिकासुतन मांगाड यांची 'एन्मकजे' आहे, काजूच्या बागांवर हेलिकॉप्टरने फवारलेल्या एंडोसल्फान या कीटकनाशकावर. तीही बघा.

दीडशहाणी

वाचनखूण साठवली. धागा भारी चाललाय, मध्ये मध्ये मी असूनही.

कोरडवाहू

आलो. ताईंचा मुद्दा रात्रभर डोक्यात होता, म्हणून सविस्तर.

आमच्याकडे नक्षत्रांवर म्हणी आहेत. "पडल्या स्वाती तर पिकतील माणिक-मोती", उत्तरांची आहे, मघांची आहे (ती इथे लिहिता येत नाही, संपादक उडवतील). गावात एखादा म्हातारा असायचा, नक्षत्राचं वाहन बघायचा, बेडूक की म्हैस की हत्ती, आणि सांगायचा पेरा किंवा थांबा. त्याचं ऐकायचे लोक. आता त्याचं चुकतं. एकदा चुकलं, लोक काही बोलले नाहीत. मग सारखं चुकायला लागलं. आता पोरं मोबाइलवर अॅप बघतात, तेही चुकतं, पण अॅपची कुणी टर उडवत नाही. म्हाताऱ्याची उडवतात. तो बोलायचा थांबलाय.

हे 'बारोमास'मध्ये नाही. ताई म्हणतात ते खरं, ही गोष्ट वेगळी आहे. पण ती लिहायला कार्बन लागत नाही, प्लुटोसाहेब. दुबार पेरणी लागते. जूनच्या पहिल्या पावसात पेरलं, मग पाऊस दडी मारून बसला, बी मातीत जळालं. पुन्हा बी, पुन्हा खत, पुन्हा उसनवारी. आणि पीक उभं राहिलं की काढणीच्या वेळी पाऊस. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारा पडल्या, काढणीला आलेला गहू-हरभरा गेला, द्राक्षं गेली. उन्हाळ्याच्या तोंडावर रान पांढरं. नारळीकरांचं बर्फ आम्ही पाहिलंय.

प्लुटो

मान्य. कार्बनशिवाय लिहा, पण लिहा.

ओलीसुकी

कट्ट्याचं ठरलं: नारळीकरांची कथा पहिल्या आठवड्यात, मग 'रिंगाण', मग 'अच्छेव'. तिसरीसाठी एक ताई मोठ्याने वाचायला तयार झाल्या आहेत. सगळ्यांचे आभार. 'झड-झिंबड' मिळाली तर तीही.

कोरडवाहू

यादी चांगली आहे, पण एक धरण, एक खाण. दोन्हींत कुणीतरी येऊन काहीतरी करतं. बोट दाखवता येतं. गारा पडल्या तर बोट कुणाकडे दाखवणार? म्हणून कादंबरी होत नाही, असं माझं मत.

@निवडुंग, तुम्ही लिहिता म्हणून सांगतो, साहित्य देतो. पीकविम्याचं बघा. २०२५ च्या खरिपात नियम बदलले, त्याआधीचं सांगतो. नुकसान झालं की ७२ तासांच्या आत कळवायचं असायचं, अॅपवर फोटो टाकून. शेतात पाणी, चिखल, रेंज नाही. लोक बांधावरच्या झाडावर चढून रेंज शोधतात. फोटोत पीक मेलेलं नीट दिसलं पाहिजे म्हणून नवरा वाकलेलं झाड हातात धरतो आणि बायको फोटो काढते. मग सर्वेला माणूस येतो.

निवडुंग

आणि तो पैसे मागतो?

कोरडवाहू

नका हो त्याला खलनायक करू. तोही कंत्राटी पोरगा, कुणा शेतकऱ्याचाच. एवढी गावं दिलेली असतात की येईस्तोवर शेत वाळून गेलेलं असतं. तो म्हणतो, काका, मला इथं काहीच नुकसान दिसत नाही, मी काय लिहू? तिथून सुरू करा.